चोवीस तासांच्या आत

आळतेकर हातात हेल्मेट घेऊन ग्रंथालयाच्या दारात उभे होते. आत यावं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. मी त्यांना पाहिलं, पाहून मान खाली घातली आणि नव्या पुस्तकांवर शिक्के मारत राहिले. शेवटी आमचे शिपाई जमादारमामाच म्हणाले, “या की साहेब, आत या. कॉलेज हाय, देऊळ न्हवं. चपला घालून चालतंय.”

आळतेकर ओशाळं हसले आणि माझ्या टेबलासमोर येऊन थांबले.

“मगदूम मॅडम? मी आळतेकर. कुपवाडच्या कारखान्यातून आलोय.”

“ओळखते. बसा.”

“म्हणजे अण्णांची मुलगी ना तुम्ही? अहो, सोन्यासारखा माणूस. एकतीस वर्षांत एकदा लेट पंच नाही. आम्ही नव्या पोरांना उदाहरण द्यायचो.”

मी शिक्का पॅडवर ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. या गोष्टीला आता अकरा वर्षं होतील, पण त्या सकाळच्या वेळा मला मिनिटामिनिटाने आठवतात.

कुपवाडच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणारा दोनशे माणसांचा तो कारखाना. माझे वडील तिथे लेथवर होते आणि आळतेकर पर्सोनेल ऑफिसर. रजा, पगारपत्रक, मेडिक्लेम, सगळं त्यांच्या केबिनमधून चालायचं. अण्णांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत आळतेकरांचा चेहरा माझ्यासमोर किती वेळा आला होता हे मला सांगता येणार नाही. पण मनातले आळतेकर उंच आणि सावध डोळ्यांचे होते. समोर बसलेल्या माणसाच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

“काय काम काढलंत?”

“आई पडली काल. गच्चीत कुरडया वाळत घालत होती, पाटावरून पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलंय. उद्या सकाळी ऑपरेशन.” त्यांनी कपाळ पुसलं. “शहात्तर वय. साखर आहे. म्हटलं, मेडिक्लेमचं एकदा नीट विचारून घ्यावं. आमचा अस्लम म्हणाला, मिरजेत या विषयात तुमच्याइतकं कळणारं कुणी नाही.”

अस्लम म्हणजे जमादारमामांचा मुलगा. त्याच कारखान्यात ड्रिलिंगवर होता. मुलाचं नाव ऐकून मामा चहाची किटली घेऊन जवळ आले.

“पण कारखान्याचं मेडिक्लेम तर तुम्हीच बघत होता.”

“होतो! आता कंपनी पुण्याच्या ग्रुपनं घेतली. गेल्या एप्रिलपासून सगळं तिकडं गेलं. माझ्याकडं काय राहिलं? कँटीनचं कंत्राट आणि बसचे पास. मेडिक्लेमला फोन लावला की मराठीसाठी एक दाबा, क्लेमसाठी तीन दाबा. सगळं दाबून झालं की पुन्हा नमस्कार, मराठीसाठी एक दाबा.”

“आमचा अस्लम म्हणतो,” मामा कपात चहा ओतत म्हणाले, “दाबून दाबून बोट सुजलं, आता त्या बोटाचा क्लेम टाकतो.”

आळतेकर मनापासून हसले. मीही हसले असेन. ग्रंथालयात त्या वेळी आमच्या तिघांशिवाय कुणी नव्हतं. परीक्षा जवळ आल्या होत्या, मुलं वर्गात होती.

“पॉलिसीचं पुस्तक आलं असेल तुम्हाला,” मी म्हटलं.

“मेलवर आलंय. बावन्न पानं. खोटं कशाला बोलू मॅडम, वीस वर्षं मी ती पुस्तकं वाटली आणि एकही वाचलं नाही. एजंट मला तोंडी सांगायचा, मी लोकांना तोंडी सांगायचो. चालून गेलं.”

मी मात्र ते पुस्तक वाचलं होतं. अण्णा गेल्यावर पहिल्यांदा वाचलं ते जुनं, बेचाळीस पानांचं होतं. लहानपणापासून मी हाताला लागेल ते वाचत आले आहे, पण असं वाचन पूर्वी कधी केलं नव्हतं. एका बाजूला शब्दकोश, हातात पेन्सिल, आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न, या वाक्याने कुणाला फसवता येईल? तीन वेळा वाचल्यावर त्याचं चार पानी सोपं मराठी केलं. अस्लमने झेरॉक्स काढून कारखान्यात वाटलं. मग लोक यायला लागले. कुणाची बायको अडलेली असायची, कुणाच्या मुलाला डेंग्यू झालेला असायचा. मी कुणालाही परत पाठवलं नाही. दर एप्रिलला नवी पॉलिसी आली की अस्लम पहिली प्रत मला आणून द्यायचा. कुठलं हॉस्पिटल घ्यावं, कुठला कागद मागावा, कशावर सही करू नये हे मला तोंडपाठ झालं होतं.

“यंदा अटी फार वाढवल्यात म्हणे,” आळतेकर म्हणाले. “पण त्यांचं तरी काय चुकतं? हॉस्पिटलांची बिलं बघा कुठं गेलीत. हप्ता एका वर्षात चाळीस टक्क्यांनी चढला. मालक म्हणणार, मला एवढाच आकडा परवडतो, त्यात बसवा. मग बसवायचं कसं? अटी घालूनच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.”

“तुम्ही केलं होतंत.”

“हो, केलं होतं की,” ते सहज म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. “बरं, आईला खोली कुठली घेऊ? आता जनरलला आहे. बहीण म्हणते, स्पेशल घे.”

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. तोच प्रश्न, आणि तो मला विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही आठवण नव्हती.

“आई-वडिलांसाठी खोलीची मर्यादा दिवसाला तीन हजार,” मी म्हटलं. “त्याच्यावर जाऊ नका.”

“ते ठाऊक आहे मला. वर गेलं की नुसतं खोलीचं नाही कापत. त्या प्रमाणात सगळंच कापतात. ऑपरेशन, डॉक्टर, भूल देणारा, सगळं. लोकांना वाटतं, खोलीचा फरक आपण भरू आणि सुटू. तिथंच फसतात.”

“हा नियम कधीपासून आहे?”

“हा जुना. चार वर्षं झाली असतील. मीच घेतला होता तो, तेव्हा हप्ता उतरवायला. एजंटनं दोन पर्याय दिले होते, त्यातला हा स्वस्त पडला. नोटीस लावली होती ना बोर्डावर.”

नोटीस लावली होती. इंग्रजीत, पंचिंग मशीनच्या मागच्या भिंतीवर, युनियनच्या कॅलेंडरखाली. अण्णा गेल्यावर मी ती तिथे जाऊन पाहिली होती. पण आळतेकरांना तो नियम त्या दिवशी, त्या क्षणी माहीत होता की नाही, हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. कदाचित माहीत नसेल, असं मी कधीकधी स्वतःला सांगायची. आता ते स्वतःच सांगत होते.

घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

अण्णांच्या बायपासनंतर त्यांना आयसीयूतून जनरल वॉर्डात आणलं होतं. आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर अण्णा पाणीसुद्धा घेत नसत. वॉर्डातलं जेवण साडेसातला यायचं म्हणून मी पाचलाच घरून डबा आणायची. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्याच्या घरचे त्याच वेळी मटणाचा रस्सा आणि अंडी भरवायचे. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. “त्यांचं बरोबर आहे पद्मे, त्यांच्या माणसाला ताकद यायला पाहिजे,” एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. डबा उघडायचे नाहीत. असे दोन दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, जखम भरायची तर पोटात गेलं पाहिजे. म्हणून मी आळतेकरांना फोन लावला. साहेब, स्पेशल रूम घेतली तर मेडिक्लेममध्ये बसेल ना? आणि आळतेकर म्हणाले, “घ्या की! अण्णांसाठी एवढं नाही करायचं? तुम्हाला बरं वाटेल ते घ्या, कॅशलेस आहे.”

स्पेशल रूममध्ये अण्णा खिडकीतला उजेड बघून जेवायला लागले. सहाव्या दिवशी बिलाचा अंदाज आला तेव्हा निम्म्याहून जास्त आमच्या अंगावर होतं. अण्णांच्या छातीच्या जखमेत पू झाला होता, डॉक्टर अजून दहा दिवस राहा म्हणत होते. मी खाली इन्शुरन्सच्या काउंटरच्या रांगेत होते. वर आले तेव्हा अण्णांनी शर्ट घातला होता. स्वतःच्या जबाबदारीवर घरी जात असल्याच्या कागदावर सही करून झाली होती. “उरलेलं घरात बरं होईन,” ते म्हणाले. त्यानंतर एकोणीस दिवसांनी ते गेले.

यातलं मी आळतेकरांना काही सांगितलं नाही. मी विचारलं, “आईंना ॲडमिट कधी केलंत?”

“काल दुपारी. हा कागद आहे ना.” त्यांनी घडी घातलेला कागद माझ्यासमोर ठेवला. “वेळ पण घातलीय बघा, बारा पंधरा.”

मी कागद वाचला. बारा पंधरा. मग पुन्हा एकदा वाचला.

नव्या पॉलिसीच्या सतराव्या पानावर, खालून दुसऱ्या परिच्छेदात एक अट होती. पूर्वी हॉस्पिटलचा काउंटर कंपनीला कळवायचा आणि भागायचं. गेल्या एप्रिलपासून मात्र, दाखल केल्यावर चोवीस तासांच्या आत कर्मचाऱ्याने स्वतः, आपल्या नोंदलेल्या मोबाइलवरून कळवायचं होतं. कळवलं की एक नंबर यायचा. तो नंबर नसेल तर हॉस्पिटलने पाठवलेले सगळे कागद फुकट, क्लेम नामंजूर. काम दोन मिनिटांचं होतं. फोन उचलला जात नसेल तर मेसेज पाठवलेला चालत होता, मेसेजचा नंबर त्याच पानावर होता. आठवडाभरापूर्वी मी हे अस्लमला इथेच, याच टेबलावर समजावून सांगितलं होतं. जमादारमामांनी त्याला दम दिला होता, “लिहून घे, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटव. तुझ्या अम्मीला कधीपण न्यावं लागंल.”

मामांनी आत्ता कागदावरची वेळ ऐकली होती. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

“मॅडम,” आळतेकर म्हणाले, “बाकी काही राहिलंय का? काही कळवायचं, भरायचं? तुम्ही सांगाल ते करतो. माझी रिटायरमेंट वर्षावर आलीय. हे अंगावर आलं तर उठणार नाही मी.”

इतकं सरळ त्यांनी विचारलं. मामांचा किटली धरलेला हात तसाच थांबला.

मी कागदाची घडी पहिल्यासारखी घातली आणि त्यांच्याकडे सरकवली.

“कागदपत्रं हॉस्पिटलवाले पाठवतात. तुम्ही इथं कशाला वेळ घालवताय? आईजवळ जाऊन बसा.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी शब्द निवडून बोलले होते.

आळतेकरांचा चेहरा सैल झाला. “खरंच, उपकार झाले. नाहीतर मी इथून ऑफिसलाच निघालो होतो, पास वाटायचे राहिलेत.” ते उठले, हेल्मेट घेतलं, दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, “अण्णांची मुलगी शोभता.”

जिन्यावरची त्यांची पावलं थांबेपर्यंत मी शिक्का हातात घेतला नाही.

“ताई,” मामा हळू आवाजात म्हणाले, “ते चोवीस तासांचं राहिलं.”

“त्यांनी विचारलं नाही.”

“विचारलं की. माझ्यासमोर विचारलं.”

मी घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती, म्हणजे अजून पन्नास मिनिटं होती.

“म्हातारीनं काय केलंय, ताई?”

“अण्णांनी काय केलं होतं?”

मामांना सगळं माहीत होतं. अण्णांना खांदा द्यायला ते होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “अस्लमला लावतो. त्याच्याकडं साहेबांचा नंबर असंल. तुम्ही न्हाई सांगितलं, मी सांगितलं. तुमच्यावर काय येत न्हाई.”

“मामा,” मी म्हटलं, “कामाच्या वेळेत ग्रंथालयात फोन चालत नाही. नियम आहे.”

सात वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं होतं. त्यांच्या घरचा शीरखुर्मा आणि आमच्या घरची पुरणपोळी एकमेकांकडे जायची. या आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी फोन खिशात ठेवला, किटली उचलली आणि म्हणाले, “बरं, मॅडम.”

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला ताई म्हटलं नाही.

सव्वाबाराला मी काटा बघितला. पुढे सरकला. नव्या पुस्तकांचे शिक्के संपले होते. मी उरलेल्या पुस्तकांना लेबलं लावायला घेतली आणि एकही लेबल तिरकं लागलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आईने सूर्य मावळायच्या आत ताट वाढलं. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी अर्धी मागितली. “आज भूक लागली वाटतं,” आई म्हणाली. अण्णा गेल्यापासून मी एका भाकरीवर उठत होते.

बातम्या अस्लमकडून येत राहिल्या. ऑपरेशन झालं. मग फुप्फुसात काहीतरी झालं, आयसीयूत ठेवलं. व्हेंटिलेटर लावला. क्लेम नामंजूर झाला. आळतेकर साहेब पुण्याला जाऊन आले, तिथल्या एका पंचवीस वर्षांच्या पोरीने त्यांना सतरावं पान दाखवलं आणि म्हणाली, सर, तुम्ही तर एचआरचेच ना? हे सांगताना अस्लमला वाईट वाटत होतं. मी ते वाक्य त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग कळलं, बुधगावजवळचा प्लॉट विकायला काढला. तेराव्या दिवशी त्यांची आई गेली.

मला आनंद झाला का? आनंद हा शब्द नाही. बऱ्याच दिवसांनी एखादं जड कपाट जागेवर बसावं तसं वाटलं. मी नीट झोपत होते. फक्त एक उणं होतं. आळतेकरांना माहीत नव्हतं. ज्याला शिक्षा झाली त्याला ती कुणी केली हेच ठाऊक नसेल, तर ती नुसतं दुर्दैव म्हणून खपून जाते. ते मला चालणार नव्हतं.

महिन्याभराने, एप्रिलच्या सुरुवातीला ते आले. दोन्ही हातांत कापडी पिशव्या होत्या. दाढी वाढली होती. मामा त्या दिवशी रजेवर होते.

“आईची पुस्तकं आहेत,” पिशव्या खाली ठेवत ते म्हणाले. “शाळामास्तरीण होती ना. साठ-सत्तर असतील. घरात कुणी वाचत नाही. म्हटलं, तुमच्याकडं द्यावीत.”

“बसा.”

“आणि तुमचे आभार मानायचे राहिलेत.”

मी पेनाचं टोपण लावलं.

“क्लेम गेला, तुम्हाला कळलं असेल. चोवीस तासांत कळवायचं होतं म्हणे. माझीच चूक, वाचायला पाहिजे होतं. पण त्याचं नाही सांगत मी.” त्यांनी हात मांडीवर ठेवले. “तुम्ही म्हणालात ना, इथं वेळ घालवू नका, आईजवळ बसा. मी ऑफिसला गेलो नाही. सरळ तिच्याजवळ गेलो. बारा ते सहा तिच्यापाशी बसलो. इतका वेळ मी आईशी कधी बोललोच नव्हतो हो. वडिलांचं लग्नाआधीचं काय काय सांगितलं तिनं. मध्येच म्हणाली, नखं वाढलीत, टोचतात. नर्सकडून नेलकटर आणलं आणि हाताची, पायाची, सगळी काढली. जन्मात पहिल्यांदा. ती हसत होती, गुदगुल्या होतात म्हणून.” त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. “दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, त्यानंतर ती काही बोलली नाही. तेवढी एक दुपार मिळाली. ती तुमच्यामुळं.”

अण्णा गेले त्या दुपारी मी आळतेकरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसले होते. क्लेमच्या फॉर्मवर कंपनीचा शिक्का हवा होता. साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगून मला दहा वाजल्यापासून बसवलं होतं. सकाळी निघताना अण्णा म्हणाले होते, “आज नको जाऊस, उद्या जा.” मी म्हटलं होतं, शिक्का घेऊन लगेच येते. दोन वाजता आईचा फोन आला. मी निघून बाहेरच्या दारापर्यंत गेले तेव्हा केबिनमधून आळतेकर म्हणत होते, “त्या बाईंना आत पाठवा आता.”

आणि हा माणूस मला त्याच्या आईच्या नखांबद्दल सांगत होता.

“साहेब,” मी म्हटलं, “मला माहीत होतं.”

“काय?”

“चोवीस तासांचा नियम. तुम्ही इथं बसला होता तेव्हा मला माहीत होता. तुम्ही उठलात तेव्हा पन्नास मिनिटं बाकी होती. तुम्ही विचारलंत, आणि मी मुद्दाम सांगितलं नाही.”

हे वाक्य मी महिनाभर मनात घडवलं होतं. ते जसं हवं तसं बाहेर आलं. आळतेकर माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते. तो आला असता तर मला पुढचं बोलता आलं असतं.

“अण्णांचं?” ते म्हणाले.

“स्पेशल रूम घेऊ का म्हणून मी तुम्हाला फोन केला होता. नियम तुम्हीच घेतलेला होता. तुम्ही म्हणालात, घ्या की.”

ते खिडकीबाहेर बघू लागले. खाली मैदानात एनसीसीची मुलं कवायत करत होती, त्यांची पावलं ऐकू येत होती.

“त्या दिवशी तुम्ही विचारलंत, हा नियम कधीपासून आहे,” ते अखेर म्हणाले. “रात्रभर तेच डोक्यात होतं, असं का विचारलं असेल. मग आठवलं.”

“का नाही सांगितलंत?” माझा आवाज वर गेला. दोन वर्षं मला एवढंच विचारायचं होतं. मालकाने तंबी दिली होती का, क्लेम कमी झाले की ह्यांना काही मिळत होतं का, अण्णा युनियनचे म्हणून आकस होता का. प्रत्येक कारणाची मी मनात उलटतपासणी घेऊन ठेवली होती. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मालकांनी?”

“नाही हो. कुणी नाही.” त्यांनी मान हलवली. “तुमचा फोन आला तेव्हा मी कँटीनमध्ये होतो. गाजरहलवा होता त्या दिवशी, मालकांच्या नातवाचा वाढदिवस. ताट हातात होतं. मर्यादा सांगितली असती तर तुम्ही विचारलं असतं, किती, कधीपासून, का. ते सगळं समजावत बसावं लागलं असतं. म्हटलं, घ्या की.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. अजून काहीतरी येईल असं मला वाटत होतं. पण तेवढंच होतं.

“तुमच्याकडं कारण तरी होतं, मॅडम,” ते म्हणाले. “माझ्याकडं तेही नव्हतं.”

ते उठले. त्यांनी माझी माफी मागितली नाही आणि मला माफ केल्याचंही म्हटलं नाही. पिशव्यांकडे हात करून विचारलं, “ही ठेवू ना?”

आमच्या ग्रंथालयाला देणगी नाकारता येत नाही. हा नियमही मला माहीत होता.

“नको,” मी म्हटलं. “घेऊन जा.”

त्यांनी दोन्ही पिशव्या उचलल्या. जिना उतरताना ते मध्येच थांबले, एक पिशवी पायरीवर टेकवली, पिशवीचा बंद तळहातावर नीट घेतला आणि पुन्हा उतरू लागले. मी वरून बघत होते. खालच्या वळणावर एका पिशवीतून दोन पुस्तकं निसटून पायऱ्यांवर पडली. वाकून ती गोळा करायला त्यांना बराच वेळ लागला. मी कठड्यावर हात ठेवून उभी होते आणि खाली गेले नाही.